आमच्या टीमची चाळण

इस्टरच्या आधीच्या उपवासात दर शुक्रवारी आमच्या चर्चच्या तळघरात तळलेल्या माशांचं जेवण असतं. रांगेत उभं राहून ताट घ्यायचं आणि लांब टेबलांवर जागा मिळेल तिथे बसायचं. मी बसले की थोड्याच वेळात कुणीतरी त्या वर्षीच्या टीमचा विषय काढतंच. "आर्लीन, तू तर आतल्या गोटातली. त्या पोरांच्या अंगात जानेवारीत एकदम काय संचारलं गं?" मी तोंड उघडायच्या आत समोरचा कुणीतरी मासा चावत सांगून मोकळा होतो, "कोचने पोरांना आत्मविश्वास दिला. बाकी काही नाही." सगळे माना डोलावतात. मी कोबीच्या कोशिंबिरीत काटा फिरवत बसते.

इतकी वर्षं झाली तरी माझ्या डोक्यात तिडीक जाते. आत्मविश्वास म्हणजे काय कोचच्या खिशातल्या गोळ्या होत्या, वाटायला? तो ज्याच्याकडून काढून घेतला त्याचे घामट मोजे मी धूत होते. त्याचं नाव नोलन टकाला. त्या टीमने प्लेऑफच्या दोन फेऱ्या मारल्या, तिचा फोटो गावातल्या प्रत्येक बारमध्ये लावलाय, आणि त्या फोटोत नोलन मागच्या रांगेत अगदी कडेला आहे. फ्रेमच्या लाकडाखाली त्याचा अर्धा खांदा गेलाय. आता तो जंगलखात्यात नोकरी करतो, झाडांना खुणा करत फिरतो, आणि हॉकीचा विषय निघाला तर हवापाण्याबद्दल बोलायला लागतो.

हॉकी म्हणजे आमच्याकडे बर्फावरचीच. दुसरी कुठली असते हे मला ऑलिंपिक बघून कळलं. कॉलेजच्या टीमचं सामान मी सांभाळायचे. स्केटच्या पात्यांना धार लावायची, फाटलेल्या जर्सी शिवायच्या, असह्य वासाचे कपडे धुवायचे आणि विशी ओलांडलेल्या धटिंगणांना ओले टॉवेल जमिनीवर टाकू नका हे रोज नव्याने सांगायचं. पोरं मला नुसतं आर्लीन म्हणायची आणि घरच्या बाईशी भांडावं तशी हक्काने भांडायची.

नोलन तासाभरावरच्या लाकूडतोड्यांच्या वस्तीतला. बाप डेनिस काउंटीची बर्फ ढकलणारी गाडी चालवायचा. बर्फ पडला की डेनिस रस्त्यावर, आणि सामन्याच्या दिवशी बर्फ पडला नाही असं आमच्याकडे क्वचितच होतं. त्यामुळे बापाने पोराला कॉलेजात खेळताना पाहिलं नाही ते बर्फामुळे, असं म्हणायची दोघांची सोय होती. खरं तर पाहण्यासारखं काही नव्हतंच. नोलन तिसरा गोलकीपर होता.

पहिला कीपर खेळतो. पहिल्याचा पाय मुरगळला तर असावा म्हणून दुसरा बाकावर बसतो. तिसरा फक्त प्रॅक्टिससाठी. सगळ्यांच्या आधी बर्फावर, सगळ्यांच्या शेवटी बाहेर, आणि मधल्या वेळात अंगावर पक झेलायचे. पक म्हणजे गोठवलेल्या रबराची चकती. जाड पॅडमधूनही ती बरोबर हाड शोधते. सामन्याच्या संध्याकाळी मात्र हा टाय लावून वर प्रेक्षकांत पॉपकॉर्न खात बसणार. चार वर्षं त्याच्या नावाची जर्सी माझ्या खोलीत खुंटीला लटकत होती. नाव मीच शिवलं होतं.

"आर्लीन, कसर लागली का गं माझ्या जर्सीला?" तो अधूनमधून विचारायचा.

"कसरसुद्धा घामाच्या कपड्यालाच लागते," मी म्हणायचे.

तो हसायचा आणि मी घरून आणलेल्या वेलदोड्याच्या पावाचा कडेचा तुकडा उचलून न्यायचा. तो वाईट कीपर नव्हता. हे मी मायेपोटी सांगत नाही. कॉलेजने स्वीडनहून एकमन नावाचा उंचच्या उंच पोरगा आणला होता, तो फार चांगला होता, म्हणून बाकीच्यांकडे कुणी बघितलं नाही, एवढंच.

त्या वर्षी नाताळापर्यंत आम्ही तळाला होतो. हरणं एक वेळ चालतं, पण पोरांचे हातच घाबरले होते. समोर रिकामी जाळी असली तरी पक खांबावर मारायचे. सगळ्यात वाईट हाल जोएल बुशारचे. टीममधला सगळ्यात लहानखुरा, पहिल्याच वर्षाचा. शाळेत असताना म्हणे हव्या तेव्हा गोल करायचा. इथे आल्यापासून एक नाही. प्रॅक्टिसला एकमनसमोर आला की पक मारायच्या आधीच तो मान खाली घालायचा. ते बघून मला इतकी चीड यायची की वाटायचं, जाऊन त्याची हनुवटी वर करावी.

नाताळची सुटी संपली आणि कोच रॉस डेलनी माझ्या खोलीत आला. नोलन स्केटला धार लावून घेत उभा होता. कोच लोकांना सामान सांभाळणारी बाई दिसत नाही, तिच्यासमोर ते काहीही बोलतात.

"नोलन, एक काम आहे. तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही."

"बोला कोच."

"पोरांना पक आत जाताना दिसला पाहिजे. रोज. एकमनला मी हे सांगणार नाही, त्याची लय बिघडेल. तू जाऊ दे."

मी मशीन बंद केलं.

"मुद्दाम?" नोलनने विचारलं.

"मुद्दाम, पण मुद्दाम वाटता कामा नये. पाव सेकंद उशीर कर. गुडघ्यांत जरा फट ठेव. जमेल तुला."

"त्यांना कळलं तर?"

"कळलं तर सगळं मुसळ केरात. म्हणून तर तुला सांगतोय." कोच दारापर्यंत गेला आणि वळला. "घरचा शेवटचा सामना तुमचा असतो ना, शेवटच्या वर्षाच्या पोरांचा. त्या दिवशी जाळी तुझी. पहिल्या मिनिटापासून. शब्द देतो."

ही आमच्याकडची जुनी रीत. घरच्या रिंकवरच्या, म्हणजे आमच्याच बर्फाच्या मैदानावरच्या, शेवटच्या सामन्याला शेवटच्या वर्षाची पोरं आईबापांना हाताला धरून बर्फावर आणतात, आईला फुलं देतात, आणि खेळाची सुरुवात त्यांनीच करायची, एरवी कितीही बाकावर बसत असोत. नोलन चार वर्षं त्या एका संध्याकाळसाठी मार खात होता. त्याने जरा विचार केला आणि "ठीक आहे" म्हणाला.

कोच गेल्यावर मी त्याला फैलावर घेतलं. "वेडबीड लागलंय का तुला? चांगलं खेळायचं सोडून वाईट खेळायचं?"

"वाईट खेळणं सोपं नसतं, आर्लीन. नीट करावं लागतं."

"आणि वर विनोद सुचतायत."

"चार वर्षांत कोचने पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलंय," तो म्हणाला. त्याला खरोखर आनंद झाला होता. मला नेमकं तेच बघवेना.

कोचचं गणित चुकलं नाही, हेही सांगायला हवं. प्रॅक्टिसला नोलनच्या बाजूच्या जाळीत पक जायला लागले, आधी थोडे, मग बरेच. जोएलचा पहिला पक आत गेला तेव्हा पोराने स्टिक डोक्यावर धरून अख्ख्या रिंकला चक्कर मारली. त्याच शनिवारी त्याने सामन्यात खराखुरा गोल केला. आम्ही जिंकलो. पुढचा सामनाही जिंकलो, त्याच्या पुढचाही.

मग माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. हॉकीवाल्यांची एक खोड आहे. जिंकायला लागले की काही म्हणजे काही बदलायचं नाही. पोरांनी दाढ्या करणं सोडलं. कोचच्या टायवर मोहरीचा डाग पडला होता, तर तोच टाय दर सामन्याला. बसला तोच ड्रायव्हर, वाटेत त्याच बेकरीतल्या खिमा-बटाट्याच्या पास्टी, आणि त्या ठरलेल्या क्रमानेच वाटायच्या. आणि मला फर्मान निघालं की सामन्यात घातलेले आतले बनियन धुवायचे नाहीत.

"ट्रेंट, त्या खोलीत एखाद दिवशी माणूस मरेल," मी कॅप्टनला सांगितलं. ट्रेंट मॅकॉली कॅनडाचा, अंगाने रेडा आणि मनाने सरळ.

"मरू दे. हरलो नाही म्हणजे झालं."

"मी गुपचूप धुवीन."

"धू. आणि त्या दिवशी हरलो तर गाव सोडायची तयारी ठेव." त्याने हे हसत सांगितलं, पण त्यात खोटं काही नव्हतं. मी नाक दाबून ते बनियन खुंट्यांना लावत राहिले. नोलनचे कपडे तेवढे धुवायची परवानगी होती. तो सामन्यात खेळत नव्हता, तेव्हा त्याच्या घामात टीमचं नशीब नव्हतं.

पण एक रीत त्याच्याही वाट्याला आली. प्रॅक्टिसचा शेवटचा पक जोएलने नोलनवर मारायचा, तो आत गेला की सगळ्यांनी बर्फावर स्टिका आपटत "चाळण, चाळण, चाळण" असा घोष करायचा, आणि मगच कपडे बदलायला जायचं. आमच्या रिंकवर समोरच्या टीमचा कीपर गोल खातो तेव्हा कॉलेजची पोरंपोरी त्याच्याकडे बोट दाखवून हेच ओरडतात. परक्या कीपरसाठी राखून ठेवलेली ती शिवी आता आपल्याच पोराला. प्रेमाने म्हणतो गं, असं सगळे मला समजवायचे. हळूहळू त्याचं नावच तेवढं उरलं. "चाळण, मीठ दे इकडे." "चाळण कुठाय, बसमध्ये चढला का?" नोलन हात पसरून, मान हलवत, स्वतःवर चिडल्यासारखा बाहेर यायचा. नाटक चांगलं वठवायचा.

एक दिवस स्केटच्या दोऱ्या सोडता सोडता त्याचा हात थांबला.

"आज दोन पक मला थांबवायचे होते," तो म्हणाला. "गेले."

"गेले म्हणजे?"

"खरंच गेले. पायाला उशिराची सवय लागली बहुतेक."

त्यानंतर तो प्रॅक्टिसच्या आधी एकटाच येऊन बसायला लागला. माझ्या खोलीबाहेरच्या भिंतीवर टेनिसचा चेंडू मारायचा आणि झेलायचा, मारायचा आणि झेलायचा, दर वेळी भिंतीच्या आणखी जवळ सरकत. तो धप धप आवाज ऐकत मी जर्सी शिवायचे. कधीकधी ओरडायचे, "अरे, भिंत पाडशील." तो म्हणायचा, "मार्चपर्यंत सहन कर."

मार्च उजाडला तेव्हा आम्ही तळातून वर चढत चौथ्या जागेवर आलो होतो. घरचा शेवटचा सामना जिंकला असता तर प्लेऑफची पहिली फेरी आमच्याच रिंकवर झाली असती. हरलो असतो तर तिसऱ्याच राज्यात जाऊन परक्यांच्या आरडाओरड्यात खेळावं लागलं असतं. गावात दुसरा विषय नव्हता. नोलन मात्र वेगळ्याच गोष्टीने हरखला होता.

"बाबाने पाळी बदलून घेतली," तो मला म्हणाला. "बर्फ पडो नाहीतर काही होवो. त्याच्या बदल्यात इस्टरला कामावर जाणार आहे."

मी ती खुंटीवरची जर्सी काढली, स्वच्छच होती, तरी पुन्हा धुतली आणि इस्त्री केली.

सामन्याच्या आदल्या दिवशी ट्रेंट कोचच्या खोलीत गेला. ती खोली माझ्या खोलीला लागून, मध्ये लाकडाची फळी. कान देऊन ऐकायची गरज नव्हती.

"कोच, उद्या शेवटच्या वर्षाची पोरं सुरुवात करणार, ते बरोबरच आहे. पण जाळीत एकमनच हवा."

"नोलनला मी शब्द दिलाय."

"नोलन सोन्यासारखा पोरगा आहे. पण आम्ही रोज बघतो ना त्याला. जोएलसुद्धा डोळे मिटून गोल घालतो त्याच्यावर. पोरं घाबरलीत कोच. जसं चाललंय तसं चालू द्या ना, प्लीज."

कोचने एकच वाक्य बोलायचं होतं. ते मी फळीच्या अलीकडून मनातल्या मनात त्याच्या तोंडात घालत होते. तो म्हणाला, "बघतो."

ट्रेंट बाहेर पडल्यावर मी न विचारता आत शिरले.

"रॉस, सांग त्यांना."

"काय सांगू? की जानेवारीपासून तुम्ही प्रॅक्टिसला घातलेले गोल खोटे होते? प्लेऑफ तोंडावर असताना?"

"सामन्यातले तर खरे होते."

"ते खरे झाले, कारण हे खोटे त्यांना खरे वाटले. जोएलचं डिसेंबरमधलं तोंड आठव, आर्लीन. परत तसं करू का त्याला?"

"आणि नोलनच्या तोंडाचं काय?"

"नोलन समजूतदार आहे."

इतका राग मला आयुष्यात फार कमी वेळा आला असेल. ज्याच्या तोंडाला पानं पुसायची त्याला आधी समजूतदार म्हणून घ्यायचं, म्हणजे त्याला ओरडायचीही सोय राहत नाही. मी दार आपटून बाहेर आले. आपटून काय झालं? काही नाही. दाराचा बोल्ट सैल झाला, तो मलाच घट्ट करावा लागला.

नोलनला सांगण्यात आलं की सुरुवात एकमन करेल, तू कपडे चढवून बाकावर बस, मोठी आघाडी मिळाली तर आत जाशील. नोलन पुन्हा "ठीक आहे" म्हणाला.

"बापाला कळवलंस?" मी विचारलं.

"काय कळवू? पाळी बदलून बसलाय तो. येऊ दे."

डेनिस आला. अंगात तेच कामावरचं चमकत्या पट्ट्यांचं जाकीट, फक्त दाढी घोटलेली. बायकोच्या हातात फुलं, मध्ये नोलन, आणि लाउडस्पीकरवर नाव पुकारलं तेव्हा डेनिस बर्फावर बुटांनी इतक्या जपून चालत होता की लोक हसले. मग आईबाप वर जाऊन बसले. सुरुवातीचे खेळाडू जागेवर गेले, जाळीत एकमन गेला. बाटल्या भरता भरता मी वर बघितलं. डेनिस अर्धा उठला होता. त्याने बायकोला काहीतरी विचारलं, आणि तो खाली बसला.

सामना आम्ही एकतर्फी केला. जोएलने एक घातला, ट्रेंटने दोन, आणखी कुणीतरी एक. समोरच्यांचा बिचारा कीपर दरवेळी "चाळण, चाळण" ऐकत पाणी प्यायचा. शेवटची काही मिनिटं राहिली तेव्हा वरून पोरांनी "टकाला, टकाला" सुरू केलं. कोचने घड्याळ बघितलं, धावफलक बघितला, मग नोलनच्या खांद्यावर हात ठेवला. नोलन बाकावरून उडी मारून गेला. एकमनने जाता जाता त्याच्या डोक्यावर टपली मारली. वर डेनिस उभा राहिला आणि मग बसलाच नाही.

आणि मग मी जे पाहिलं त्याची चीड अजून गेलेली नाही. आमच्या पोरांनी अख्ख्या वर्षात असा बचाव केला नव्हता. पाचच्या पाच जण नोलनच्या पुढ्यात येऊन उभे. समोरच्याने नुसती स्टिक उचलली की कुणीतरी त्याच्या पायात लोळण घ्यायचा. ट्रेंटने एक पक घोट्यावर घेतला आणि लंगडत पुन्हा आडवा झाला. एकदाच, फक्त एकदा, पक सगळ्यांच्या पायांतून निसटून जाळीकडे आला. अगदी हळू आला. नोलन खाली बसला, त्याने हात उघडा केला, आणि जोएलने कुठून तरी येऊन त्याच्या हातापुढून तो पक स्टिकने दूर उडवून दिला. भोंगा वाजला.

सगळी टीम नोलनवर जाऊन पडली. ट्रेंट त्याचं हेल्मेट दोन्ही हातांनी धरून हलवत होता. "एकही गोल नाही तुझ्यावर, चाळण. आम्ही होऊच दिला नाही." तो हे इतक्या प्रेमाने म्हणत होता की त्याच्या कानफटात मारायचीही चोरी.

डेनिस बोळात माझ्या खोलीबाहेर थांबला होता. नोलन पॅड घालूनच त्याच्याजवळ गेला.

"उभा छान राहिलास," डेनिस म्हणाला.

"हं."

"एक तरी पक यायला हवा होता तुझ्यापर्यंत."

"हो ना."

डेनिसने जाकिटाची चेन वर ओढली. "बरं, बर्फ धरलाय. आई गाडीत बसलीय. निघतो." पोराच्या पॅडवर त्याने दोनदा थोपटलं आणि तो गेला. नोलनने जर्सी काढून माझ्या हातात दिली. ती कोरडी होती. साबणाचा वाससुद्धा तसाच होता. मी ती परत त्याच खुंटीला लावली.

पुढच्या गुरुवारी प्लेऑफच्या आधीची शेवटची प्रॅक्टिस होती. मी काचेमागे बाटल्या घेऊन उभी होते. नोलन आपल्या बाजूच्या जाळीत गेला, आणि त्याने पहिला पक थांबवला. दुसराही. त्यात विशेष काही नाही, रोज काही थांबवायचाच. पण मग तिसरा थांबवला, आणि पुढचे सगळे. पायाने, हाताने, एक तर मानेने.

"ए चाळण, आज काय खाऊन आलास?" कुणीतरी ओरडलं. पोरं हसली. थोड्या वेळाने हसायची थांबली. ट्रेंट एकटा धावून आला, दोनदा, तिसऱ्यांदा, आणि तिसऱ्यांदा त्याने स्टिक कडेच्या फळीवर आपटली. पलीकडच्या जाळीतला एकमन आपलं काम सोडून स्टिकवर रेलून बघायला लागला. पोरं आता पक मारायच्या आधी एकमेकांकडे बघत होती. खांदे पडत चालले होते. ही तोंडं मी ओळखत होते, डिसेंबरमध्ये रोज बघितली होती.

मला कळत होतं काय होतंय ते. तरी माझ्या मुठी वळलेल्या होत्या आणि मी मनात म्हणत होते, थांबव, एकूण एक थांबव, दिसू दे यांना.

कोच काचेजवळ आला. "हा काय करतोय?"

"गोलकीपर आहे तो," मी म्हणाले. "पक अडवतोय."

कोचने शिट्टी वाजवली. नोलनने वळून बघितलं नाही. दुसऱ्यांदा वाजवली, ती शेवटच्या पकासाठी. सगळे निळ्या रेषेवर ओळीने उभे राहिले. जोएल पुढे येईना.

"आज राहू दे," तो पुटपुटला.

"राहू दे कसं? रीत आहे," ट्रेंट म्हणाला. पण त्याच्याही आवाजात दम नव्हता.

जोएल निघाला. नोलन जाळीच्या पुढे येऊन उभा राहिला, आणि मागची जाळी मला दिसेनाशी झाली. कुठे फटच नव्हती. जोएल जवळ आला, आणि मारायच्या आधी त्याने मान खाली घातली. पक डावीकडे, खालून आला. साधा होता. तसले शंभर त्याने त्या दिवशी अडवले असते. मी त्याच्या डाव्या पायाकडे बघत होते. पाय जागेवर राहिला. पाव सेकंद. मग हलला.

जाळी थरथरली आणि रिंकवर जो गलका झाला तसा सामन्यातसुद्धा ऐकला नव्हता. स्टिका आपटून आपटून पोरांनी "चाळण"चा घोष केला. सगळे जोएलवर पडले. तो खालून ओरडत होता, "आज तर तो भिंत होता रे. भिंतीतून घातला." ट्रेंटने येऊन नोलनच्या पॅडवर स्टिक मारली. "काय अंगात आलं होतं आज? असाच खेळ की रोज."

"बघतो," नोलन म्हणाला.

कोच माझ्याकडे न बघता निघून गेला.

नोलन माझ्या खोलीत आला तेव्हा मी दार लावून घेतलं. त्याने पॅड सोडले, स्केट काढले. त्याच्या मानेवर पक लागला होता तिथे लाल वळ उठला होता.

"का?" मी म्हणाले. "तेवढा एक अडवायचास. मी पायाकडे बघत होते, मला सांगू नकोस."

"नाही सांगत."

"सगळ्यांना कळलं असतं. एकदाचं कळलं असतं."

"कळत होतंच," तो म्हणाला. "तोंडं बघितलीस ना त्यांची?" त्याने एक मोजा उलटा करून काढला, मग दुसरा. "त्याने मान खाली घातली होती, आर्लीन. उद्या त्याला खेळायचंय. मला नाही."

त्याने मोजे माझ्यापुढे धरले. ओलेचिंब होते. चारी बाजूंच्या खुंट्यांवर कित्येक आठवड्यांचे न धुतलेले बनियन लटकत होते, त्यांना उद्यापर्यंत हात लावायचा नव्हता. मी मोजे घेतले आणि मशीनमध्ये टाकले. ते धुवायला कुणाची हरकत नव्हती.